ठमीला लाड नकोत

आमच्या कुत्रीला, ठमीला, अंगाला हात लावलेला आवडत नाही. बाकी तिची काही तक्रार नाही, आमचीही नाही. ती कोणाच्या अंगावर जात नाही, जेवणावरून गुरकावत नाही, फिरायला नेलं तर पट्टा ओढत नाही. फक्त कोणी मायेने डोक्याकडे हात नेला की मान खाली घालून त्या हाताखालून निसटते आणि चार पावलांवर जाऊन उभी राहते. खोलीबाहेर जात नाही, हे महत्त्वाचं. तिथेच थांबते आणि आपल्याकडे बघते. माणूस हवा, त्याचा हात नको, असा एकूण मामला.

हे कोणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "अरेरे, बिचारीला कोणीतरी मारलं असणार." असेलही. ती आम्हाला प्राण्यांच्या निवाऱ्यातून मिळाली. दातांवरून व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, वय दीड-दोन वर्षं सांगितलं, त्याआधीचं तिचं आयुष्य कोणालाच ठाऊक नाही. पण हात चुकवणारं प्रत्येक कुत्रं मार खाल्लेलं असतं असं मुळीच नाही. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात जे जे भेटेल त्याची भीती उरत नाही. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लं कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेत, माणसांपासून लांब वाढवली होती. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळालाच नाही, ती नंतर माणसाळवायला फार अवघड गेली. त्यांना कोणी मारलं नव्हतं, फक्त वेळ टळून गेली होती. आणि काही कुत्री चांगल्या घरात, हातावर वाढूनही स्वभावाने अशीच निघतात. मारहाणीची गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात एक खलनायक असतो आणि 'आमच्या प्रेमाने सुधारली' हा शेवट आधीच लिहून ठेवलेला असतो. मला त्या गोष्टीची धास्ती वाटते. ती ऐकून गहिवरलेला पाहुणा पुढच्याच क्षणी ठमीकडे हात लांबवतो.

सुरुवात आम्ही व्हेटपासून केली, आणि कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगते. हात नको असण्यामागे दुखणं असू शकतं. कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात. कण्हणं-कुंथणं क्वचित, बहुतेक वेळा नुसतं टाळणं. कान, दात, कंबर, सांधे, त्वचेची ॲलर्जी, यांपैकी काहीही असेल तर आपला प्रेमाचा हात नेमका दुखऱ्या जागी पडतो. २०२० साली प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक लेख प्रसिद्ध केला. वागणुकीच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे आलेल्या प्राण्यांपैकी, अगदी हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना कुठलं ना कुठलं दुखणं असतं, असं त्यांनी मांडलं. जे कुत्रं काल-परवापर्यंत मांडीवर लोळत होतं आणि आज हात लावू देत नाही, त्याच्या बाबतीत तर स्वभावाची चर्चा करतच बसू नये, थेट तपासून घ्यावं.

ठमीच्या डाव्या कानात जुना संसर्ग निघाला. औषध झालं, कान बरा झाला, आणि त्या बाजूने कोणी गेलं की मान तिरकी करण्याची तिची सवय गेली. हाताची नावड मात्र जशीच्या तशी राहिली. कंबर, सांधे, दात सगळं ठीक. म्हणजे आता जे उरलं होतं ते ठमीचं मत होतं.

मग आम्ही हात लावणंच थांबवलं. जाता-येता थोपटणं नाही, झोपलेली असताना पाठीवरून हात फिरवणं नाही, 'किती शहाणी गं' म्हणत गाल ओढणं नाही. मला हे जड गेलं. बोलताना माझे हात आपोआप समोरच्याच्या खांद्यावर जातात, नवऱ्याचंही तसंच. घरात एकाच माणसाला काही बदलावं लागलं नाही, ते म्हणजे माझे सासरे. हाताला केस लागतात म्हणून बाबा कुठल्याच प्राण्याला हात लावत नाहीत, वाकत नाहीत, लाडाने बोबडं बोलत नाहीत. ते खुर्चीत बसून वाचत असतात. ठमी पहिल्या आठवड्यापासून त्यांच्याच खुर्चीशेजारी पडून असायची आणि आम्ही दोघं जळायचो. "मी काहीच करत नाही हिच्यासाठी," बाबा म्हणायचे. तेच तर हिला हवं होतं.

हात बाजूला ठेवल्यावर डोळ्यांना काम मिळालं. गुरगुरणं हे कुत्र्याचं पहिलं वाक्य नसतंच, ते बरंच उशिराचं असतं. ब्रिटनमधल्या व्हेट केंडल शेफर्ड यांनी या सगळ्याची एक शिडीच मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, मग अख्खं अंग फिरवणं, निघून जाणं, कान मागे टाकून दबकणं, शेपूट आत घेणं. त्याच्यावर ताठरणं आणि रोखून बघणं, आणि मग कुठे गुरगुरणं, हवेत चावा आणि खरा चावा. खालच्या पायऱ्यांवर कोणी ऐकलं नाही की कुत्रं वर चढतं. ज्याला वरच्याच पायरीवर उत्तर मिळतं, ते पुढच्या वेळी खालच्या पायऱ्या गाळूनही टाकू शकतं. 'अचानक चावला' म्हणतात त्यातली कितीतरी प्रकरणं अशी असतात.

ठमीची खूण अगदी बारीक आहे. नवरा बुटाची नाडी बांधायला तिच्याशेजारी खाली बसला, की त्याचा कोपर तिच्या पाठीवरून जातो. त्या क्षणी तिच्या ओठांचा कोपरा किंचित मागे ओढला जातो, जिभेचं टोक नाकाला लागून आत जातं, आणि डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची एक कोर दिसते. मान हलत नाही, फक्त डोळा त्या कोपराच्या मागे जातो. श्वास धरलेला असतो. नाडी बांधून तो उठला की ती उभी राहते आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकते, अंग ओलं नसतानाही. हे सगळं नाडी बांधून होईपर्यंत. बघायची सवय नसेल तर 'शांत बसली होती' असंच वाटेल. अर्थात प्रत्येक जांभई म्हणजे निषेध नव्हे, झोप आली तरी जांभई येते. आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे धरून वाचावं लागतं.

आणखी एक खूण बहुतेकांना उलटी कळते. कुत्रं पाठीवर पडून मागचा पाय वर घेतं, तेव्हा दर वेळी ते पोट खाजवून मागत नसतं. अंग सैल, तोंड उघडं, शेपूट जमिनीवर इकडेतिकडे, असं असेल तर गोष्ट वेगळी. पण तोंड मिटलेलं, अंग आखडलेलं, शेपूट पोटाशी, आणि आपण हात नेल्यावरच ते आडवं झालेलं असेल, तर त्याचा अर्थ 'बास, मी काही करत नाही, तूही करू नकोस' असा असतो. ठमी सुरुवातीला हेच करायची आणि बघणारे म्हणायचे, बघा, आवडतंय की.

पूर्ण हात बंद ठेवून मात्र कुत्रं पाळता येत नाही. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घालायचा असतो, पावसातून आल्यावर पाय पुसायचे असतात, गोचीड काढायची असते, नखं कापायची, कानात थेंब घालायचे, व्हेटला पोट चाचपू द्यायचं असतं. इथे माझ्या मनात एक वाटणी पक्की झाली आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लाडाचा हात ही माझी हौस आहे. कामाचा हात ही तिची गरज आहे. हौसेसाठी मी तिला काहीही शिकवणार नव्हते. 'सवय होईल' म्हणून रोज थोडं थोडं कुरवाळून तिला मवाळ करायचं, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तो मी घेतला नाही. जी गोष्ट नकोशी आहे ती माझ्या सुखासाठी सोसायला कोणाला का शिकवायचं? कामाचा हात मात्र शिकवायचा, आणि तो असा शिकवायचा की त्यात तिचा होकार असेल.

यामागचं शास्त्र चांगलं जुनं आहे, आणि ते कुत्र्यांवरून आलेलंही नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबवर आणायचा, ते बिचकणार नाही इतक्या लांब. मग हळूहळू जवळ. शेवटी तो मुलगा सशाला स्वतःहून हात लावू लागला. आज कुत्र्यांचे प्रशिक्षक जे करतात त्याचा गाभा हाच आहे. भीती वाटणार नाही इतकीच मात्रा घ्यायची, तिला आवडत्या गोष्टीची जोड द्यायची, आणि मात्रा वाढवायची घाई करायची नाही.

क्रमाला फार महत्त्व आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. आधी हात, मग खाऊ. हाताच्या आधी खाऊ दिला तर कुत्रं दुसरंच शिकतं. चांगला खाऊ समोर आला की आता काहीतरी नकोसं होणार, हे ते ओळखतं आणि खाऊलाच बिचकायला लागतं. खाऊ दाखवून जवळ बोलवायचं आणि ते खाण्यात गुंग असताना नख कापून घ्यायचं, ही युक्ती एकदा चालते. नंतर वाटीचा आवाज आला की कुत्रं पलंगाखाली जातं. म्हणून आमच्याकडे हात आधी येतो, तोही नाव सांगून. 'पाय' म्हटलं की हात पायाला लागणार, 'कान' म्हटलं की कानाला, 'पट्टा' म्हटलं की हार्नेसची क्लिप लागणार. शब्द, मग स्पर्श, मग हात मागे, मग खाऊ. आधी स्पर्श म्हणजे नुसतं बोट टेकवणं होतं. ज्या जागेचं नाव घेतलं तिथेच हात जाणार, दुसरीकडे नाही, ही हमी तिला शब्दापेक्षा जास्त पटली असावी. 'पाय' म्हणून कानाकडे हात नेण्याची लबाडी घरात कोणी करायची नाही, असा नियमच आहे.

मग आली उशी. एक लहानशी चपटी उशी जमिनीवर ठेवली, तिच्यावर हनुवटी टेकवली की खाऊ. हे ठमीने पटकन उचललं, कारण त्यात तिला कोणी हात लावत नव्हतं. हनुवटी टेकवून ती स्थिर राहायला लागल्यावर करार असा ठरला की हनुवटी उशीवर आहे तोवर मी काम करणार, हनुवटी उचलली की माझे हात त्याच क्षणी मागे. कुरकुर नाही, 'थांब गं, झालंच' नाही. चिराग पटेल या प्रशिक्षकाने लोकप्रिय केलेला बादलीचा खेळही याच जातीचा आहे. त्यात कुत्रं खाऊच्या बादलीकडे बघत असेल तोवर पुढे जायचं, नजर हटली की थांबायचं. प्राणिसंग्रहालयांत मोठे प्राणी बेशुद्ध न करता रक्त द्यायला शिकतात, वाघ-सिंह गजांतून शेपूट बाहेर देतात, तेही अशाच शिकवणीवर. पाच किलोच्या कुत्र्याला धरून दाबता येतं म्हणून आपण धरतो. सिंहाला धरता येत नाही म्हणून त्याला विचारतो. मला हे जरा लाजिरवाणं वाटतं.

पहिल्या काही बैठकांत ठमीने हनुवटी उचलण्याचाच सराव केला. टेकवायची, मी 'कान' म्हणायचे, ती उचलायची, माझा हात मागे. पुन्हा टेकवायची, पुन्हा उचलायची. नवरा म्हणाला, ही तुला खेळवतेय. मला वाटतं ती तपासत होती. हा करार खरा आहे की माणसांचा नेहमीचा, हे बघत होती. तो खरा आहे अशी खात्री पटल्यावर उचलणं झपाट्याने कमी झालं. थांबवण्याची किल्ली स्वतःकडे आहे म्हटल्यावर थांबवायची गरज वाटेनाशी झाली, हे मी पुस्तकी वाक्य म्हणून आधी ऐकलं होतं. उशीवर टेकलेली ती काळी हनुवटी, हळूहळू सैल पडत गेलेले ओठ आणि कानात जाणारा औषधाचा थेंब बघितल्यावर ते पटलं.

हार्नेसचं सोपं निघालं. तिला डोक्यावरून काही येणं नको होतं, हार्नेसबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. डोक्यातून घालायचा प्रकार बदलून मानेपाशी उघडणारा घेतला आणि विषय संपला. अशा गोष्टींत शिकवत बसण्यात अर्थ नसतो, वस्तूच बदलावी.

नखांचं तसं नव्हतं. कात्री दिसली की उशी सोडून ती बाबांच्या खुर्चीमागे. तेव्हा एक फळी घेतली, तिच्यावर जाडसर पॉलिशपेपर चिकटवला आणि फळी तिरकी धरली. पुढच्या पायाने फळी खरवडली की खाऊ. यात हात नाही, कात्री नाही, पाय धरणं नाही. ठमी आता दोन्ही पुढच्या पायांची नखं स्वतःच घासते आणि इतक्या आवेशाने घासते की मध्येच फळी काढून घ्यावी लागते. दोन्ही पंजे सारखे चालावेत म्हणून फळी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला धरावी लागते, नाहीतर उजव्या पंजाची नखं आखूड आणि डाव्याची लांब असं होतं. पाचवं, वर असलेलं नख मात्र फळीला लागत नाही, ते कात्रीनेच.

व्हेटकडे जाण्यासाठी मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायचं आवरण, शिकवलं. बंद कापडी नाही, जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि फटीतून खाऊही घेता येतो. ठमी कधी चावलेली नाही, मग मझल कशाला, असं घरात विचारलं गेलं. पण दुखत असताना, अनोळखी टेबलावर, अनोळखी हातात कुठलंही कुत्रं शिडीची वरची पायरी गाठू शकतं; त्या वेळी मझल पहिल्यांदाच तोंडावर चढवायचं म्हणजे दोन संकटं एकदम. आधी नुसतं मझलच्या आत खाऊ ठेवला, ती तोंड घालायची, काढायची. मझलचे बंद फार नंतर लावले. आमच्या व्हेटबाई समजूतदार आहेत. टेबलाऐवजी जमिनीवर बसून तपासतात, आणि तपासण्याआधी मला विचारून तेच शब्द वापरतात, 'कान', 'पाय'. लसीसाठी खांद्यापाशी टोचायचं तर 'टोच' हा नवीन शब्द त्यांनीच सुरू केला.

आता माणसांबद्दल. ठमीला शिकवणं सोपं गेलं, लोकांना शिकवणं अजून चालू आहे. 'मला कुत्री फार आवडतात' म्हणणारे सगळ्यात अवघड. हिला हात लावलेला आवडत नाही असं सांगितलं की ते हसतात, "माझ्याकडे बघा कशी येते." आणि वाकतात, डोळ्यांत डोळे घालतात, दोन्ही हात पुढे. कुत्र्यांना घाबरणारे पाहुणे त्या मानाने उत्तम. लांब बसतात, नजर चुकवतात, हात मांडीवर ठेवतात, आणि म्हणून ठमी नेमकी त्यांच्या पायाशी जाऊन बसते, मग ते आणखी घाबरतात.

"नको" सांगितल्याने माणसं थांबत नाहीत, त्यांना काहीतरी करायला द्यावं लागतं, हे लवकरच लक्षात आलं. दारातच पाहुण्याच्या हातात थोडा खाऊ देते आणि सांगते, तो तिच्या पलीकडे टाका, तिच्या मागे. आपल्या हातातून देऊ नका, आपल्याजवळही टाकू नका. यात एक बारकावा आहे. खाऊच्या लोभाने जवळ आलेलं कुत्रं खाऊ संपल्यावर भानावर येतं आणि आपण नको इतकं जवळ आलो हे त्याला तेव्हा कळतं. खाऊ मागे पडला तर त्याला लांब जाण्याचं बक्षीस मिळतं, आणि मग पुन्हा जवळ यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता येतं. ठमी बहुधा येते. पाहुण्यालाही आपण काहीतरी केल्याचं समाधान. गर्दी जास्त असेल तर सरळ मधलं जाळीचं फाटक लावते, ती पलीकडे आपल्या अंथरुणावर. रस्त्यावर पट्ट्याला पिवळी फीत बांधण्याची पद्धत काही देशांत आहे, 'याला जागा द्या' असं सांगणारी. मी बांधून बघितली. ज्यांना तिचा अर्थ माहीत नव्हता ते फीत बघायला जवळ आले.

मुलं मोठ्यांपेक्षा बरी. मोठी माणसं नियमातून स्वतःला वगळतात, मुलं नियम लावून धरतात. लहान मुलांना कुत्रं चावतं तेव्हा ते बहुतेक वेळा ओळखीचंच असतं आणि पुष्कळदा चेहऱ्याला चावतं, कारण मूल तोंड जवळ नेतं, मिठी मारतं. म्हणून नणंदेची मुलगी राहायला आली तेव्हा नियम कडक होते. मिठी नाही, झोपलेल्या ठमीजवळ जायचं नाही, ठमी आली तरच, छातीवरच, पाच मोजेपर्यंत, मग हात मांडीवर. पोरगी मोठ्याने मोजायची. एकदा बाबांनी जाता जाता पायाने ठमीचं अंथरूण सरकवलं तर त्यांनाच दरडावलं, "आजोबा, ती झोपलीय!" मोठं कोणी समोर नसेल तेव्हा मात्र दोघींच्या मध्ये फाटक. मूल कितीही समजूतदार असलं तरी.

हे पाच मोजणं मुलांपुरतंच नाही. काही महिन्यांनी ठमी आमच्याजवळ स्वतःहून येऊन रेंगाळायला लागली, तेव्हा आम्हीही तसंच केलं. छातीवर किंवा मानेच्या बाजूला थोडं खाजवायचं, हात काढून घ्यायचा, आणि बघायचं. ती आणखी जवळ सरकली, नाकाने हात ढकलला, तर हो. नुसती उभी राहिली, तोंड फिरवलं, अंग झटकलं, तर नाही. 'काहीच केलं नाही' हेही नाहीमध्येच धरायचं. कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या एरिका फोयरबाखर आणि क्लाइव्ह वीन यांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कुत्र्यांनी तोंडी कौतुकापेक्षा कुरवाळून घेणं कितीतरी जास्त पसंत केलं, आणि कुरवाळून घेण्याचा त्यांना कंटाळाही आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात खाऊ आणि कुरवाळणं यांत बहुतेक कुत्र्यांनी खाऊ निवडला होता. ठमीला दुसरा निबंध पूर्ण मान्य आहे, पहिल्याशी ती सहमत नाही. आमच्याकडे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. पाच मोजून झाले की ती समोरून चालू लागते, आपलं काम झाल्यासारखी.

एक अपवाद सापडला, तोही तिनेच दाखवला. संध्याकाळी फिरून आल्यावर ती कधीकधी पाठमोरी येते, मागे मागे सरकत, आणि आपलं ढुंगण माझ्या गुडघ्याला टेकवून उभी राहते. शेपटीच्या मुळाशी, पाठीचा कणा संपतो तिथे, खाजवून हवं असतं. तोंड पलीकडे, डोळे अर्धवट मिटलेले, खालचा ओठ लोंबलेला. माझं तोंड तिला बघायचं नसतं आणि माझ्या हाताशिवाय दुसऱ्या कशाशी तिला देणंघेणं नसतं. तीन-चार मिनिटं. थांबले तर मागे वळून बघते. भाचीने हे बघून रीतसर शंका विचारली होती, "मामी, ती पाठीने आली तरी पाचच मोजायचे का?" तरी पाचच, मग थांबून बघायचं.

कुत्रं पाळून हात लावता येत नाही तर मिळतं काय, असं विचारणारे असतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. ज्यांना मांडीवर बसणारं कुत्रं हवंय त्यांनी ठमीसारखं कुत्रं आणू नये, दोघंही दुःखी होतील. आम्हाला सोबत मिळते. मी स्वयंपाकघरात असले की ती दारात, मी टेबलाशी असले की टेबलाखाली, पायाला न टेकता, पण एवढीच लांब की उठताना मला बघून पाय टाकावा लागतो. घरभर खाऊ लपवला की नाक जमिनीला लावून तो हुडकण्याचा खेळ तिला कुठल्याही लाडापेक्षा प्रिय आहे. हे खेळताना ती मध्येच थांबून माझ्याकडे बघते. जपानमध्ये मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं होतं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांमध्येही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढतं. माझं किती वाढतं ठाऊक नाही, पण तिने तसं बघितलं की मी कामातून उठते हे खरं.

घरात सगळं सुरळीत झालं असं नाही. मागचे पाय अजून बाकी आहेत. मागच्या पायांनी फळी खरवडायला तिला जमत नाही, आणि 'पाय' म्हणून मी मागच्या पंजाला बोट टेकवलं की हनुवटी उशीवरून लगेच वर येते. डाव्या मागच्या पायाचं एक नख एका बैठकीत कापून देते, दुसऱ्याला नाही. उजवा पाय तर अजून बोटाच्याच पायरीवर आहे. आता 'मागचा' असा वेगळा शब्द सुरू केलाय आणि पुन्हा नुसत्या बोटापासून सुरुवात केलीय. उजव्या पायाची नखं तोवर व्हेटबाई कापतात, जमिनीवर बसून, मझल घालून, एका वेळी जेवढी ती देईल तेवढी.